नेटवरचं घरगुती बंदुकीचं डिझाइन ‘सुरक्षित आहे’ हे कशावरून ठरवायचं?

वहीतली रेघ

बरेच दिवस इथे वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदाच लिहितेय, कारण हे विचारावं असं घरात कोणी नाही.

माझा भाचा १९ वर्षांचा, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. हात चांगला आहे त्याचा. माझी बंद पडलेली शिलाई मशीन त्याने एका दुपारी उघडली, साफ केली आणि चालू करून दिली. गेल्या आठवड्यात त्याच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा दिसला. नेटवरून उतरवलेलं एका पिस्तुलाचं डिझाइन, घरच्या घरी करता येईल असं. मापांवर लाल पेनाने खुणा, आणि एका पानाच्या कडेला त्याच्या अक्षरात ‘इथे भिंत पुरेशी आहे का?’

मी घाबरले, पण आरडाओरडा केला नाही. शांतपणे विचारलं. तो म्हणाला, “मावशी, खाली साठ-सत्तर जणांनी लिहिलंय की करून पाहिलं, चालतं. एकाने व्हिडिओ टाकलाय, लागोपाठ दहा गोळ्या झाडल्यात. काही झालं नाही.” अजून त्याने काही बनवलेलं नाही. कुणाला इजा करायचं त्याच्या मनातही येणार नाही, हे मी त्याला लहानाचं मोठं होताना पाहिलंय म्हणून सांगते. कायद्याचं बोलले तर म्हणतो, “ते मला माहीत आहे. मी डिझाइन चांगलं की वाईट एवढंच विचारतोय, त्याचं उत्तर दे.”

मी हिशेब तपासण्याचं काम करते. व्हाउचर नसेल तर आकडा मान्य करायचा नाही, ही सवय. इथे व्हाउचर कोणतं मागायचं तेच मला कळत नाही. नुसतं ‘नको’ म्हटलं तर तो माझ्यासमोरचे कागद उचलेल आणि दार लावून बसेल. या विषयातल्या जाणकारांनी कारण समजावून सांगावं.

भट्टीकाठ

ताई, व्हाउचर हा शब्द तुम्ही नेमका वापरलात. त्यावरूनच सांगतो.

मी ३१ वर्षं एका कारखान्याच्या टेस्टिंग विभागात काढली. आम्ही उच्च दाबाचे व्हॉल्व्ह बनवायचो आणि माझं काम ते तोडायचं. ओढून, वाकवून, दाब देऊन फोडायचं आणि कुठे, का फुटलं ते लिहायचं. बंदुका मी बनवलेल्या नाहीत. पण आत दाब कोंडलेली नळी फुटते कशी, हे माझ्या रोजच्या पाहण्यातलं आहे.

पहिली गोष्ट: डिझाइनला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नसतंच. ते असतं हातातल्या तुकड्याला. बर्मिंगहॅमला १८१३ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने एक ‘प्रूफ हाउस’ सुरू झालं, ते आजही चालू आहे. कारण साधं होतं, नळ्या फुटून माणसं जायबंदी होत होती. तिथे आजही प्रत्येक बंदूक, नमुन्यादाखल एखादी नव्हे, प्रत्येक, नेहमीपेक्षा साधारण २५ ते ३० टक्के जास्त दाबाचं काडतूस घालून झाडून पाहतात. माणूस जवळ नसतो. मग ती बंदूक तपासतात आणि टिकली असेल तरच धातूवर शिक्का ठोकतात: मुकुट, आणि त्याखाली अक्षरं. नंतर कोणी ती नळी आतून खरवडली, कमकुवत केली, तर जुना शिक्का मोडीत निघतो, पुन्हा परीक्षा. अनेक देशांनी मिळून १९१४ पासून या चाचण्यांचे नियम एकसारखे करत आणले. हे सगळं कसलेल्या कारखान्यांच्या मालासाठी! ज्यांच्याकडे पोलाद कुठून आलं याचा कागद असतो, भट्टीच्या तापमानाची नोंद असते, त्यांच्यावरसुद्धा ‘तुमचं डिझाइन चांगलं आहे’ म्हणून विश्वास ठेवला जात नाही.

तुमच्या भाच्याजवळच्या कागदांना असा शिक्का कुठून येणार? कागद फुटत नाही.

दाब किती, तेही त्याला विचारा. गाडीच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. पिस्तुलाच्या ९ मिलिमीटरच्या नेहमीच्या काडतुसाला नियमाने २३५० बारपर्यंत दाब मान्य आहे. हजारपटीहून जास्त, आणि तोही एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. पुन्हा तो वायूचा दाब. आम्ही व्हॉल्व्ह तपासायला आत पाणी भरायचो. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे तुकडा फुटला तरी चीर पडते, फवारा उडतो आणि दाब खाली येतो. वायू दाबलेल्या स्प्रिंगसारखा असतो, तो फुटल्यावर तुकडे घेऊन निघतो.

आता माझी स्वतःची चूक. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मला एक छोटा जोडतुकडा घाईने हवा होता. कोपऱ्यात सळईचा एक तुकडा पडला होता, त्यावर मार्किंग नव्हतं. रंगावरून, वजनावरून मी ठरवलं की हे आपलं नेहमीचंच पोलाद. लेथवर घातला, सुरेख झाला, मापात एक केसाचाही फरक नाही. पाण्याचा दाब देऊन तपासला, टिकला. दुसऱ्यांदा टिकला. नऊ वेळा टिकला. दहाव्या वेळी, नेहमीपेक्षा *कमी* दाबाला, लांबीत उभा फाटला. मी पोलादी पत्र्याच्या आडोशाला होतो म्हणून हे लिहितोय. त्याचा एक अर्धा भाग माझ्या टेबलावर आहे. तुटलेली बाजू उजेडात धरली की आतल्या कडेला नखाएवढी एक काळपट चंद्रकोर दिसते, आणि बाकी सगळं साखरेसारखं चकचकीत दाणेदार. ती चंद्रकोर म्हणजे पहिल्या नऊ वेळा ‘टिकला, टिकला’ म्हणत होतो तेव्हा आत वाढत गेलेली चीर. बाहेरून काहीच कळत नव्हतं. नवव्या दाबानंतर मी तो पुसून, फिरवून पाहिला होता, मला शपथेवर सांगता येईल.

म्हणून दहा गोळ्यांचा व्हिडिओ पाहून मला धीर येत नाही. अकराव्या गोळीचं काय, हा प्रश्न त्यात तसाच उरतो.

शून्य भागिले

भट्टीकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो, भाचा इंजिनीअरिंगचा आहे तर त्याला पटेल.

दहा गोळ्या, एकदाही फुटलं नाही. यावरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दर गोळीला फुटण्याची शक्यता २६ टक्क्यांपेक्षा कमी असावी. पुन्हा वाचा: सव्वीस. दर चौथ्या गोळीला हात उडवणारं साधनसुद्धा असा व्हिडिओ देऊ शकतं. ही शक्यता १ टक्क्याखाली आहे म्हणायला लागोपाठ साधारण ३०० वेळा काही न होता झाडावं लागेल. आणि १ टक्का म्हणजेही शंभरात एक, तो कोणाला चालेल?

यात मी एक सवलत दिली आहे: प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच, असं धरलंय. चीर वाढत जात असेल तर तेही खरं नाही. मग आधीच्या दहांवरून पुढच्या दहांबद्दल काहीच सांगता येत नाही.

त्या साठ-सत्तर प्रतिक्रियांबद्दल: ताई, तुम्ही हिशेब तपासता, तुम्हाला लगेच कळेल. फक्त जमेची बाजू लिहिलेली वही आहे ती. ज्याचा हात गेला तो टाइप करायला परत येत नाही. त्यातून बहुतेक देशांत परवान्याशिवाय बंदूक बनवणं हाच गुन्हा, तर ‘माझी फुटली’ असं कोण लिहील? ‘चालतं’ लिहिणाऱ्यांपैकी कितींनी खरंच बनवली, किती वेळा झाडली, कुठलं सामान वापरलं, यातलंही काही तुमच्या हातात नाही.

रात्रपाळी

मी रुग्णालयात एक्स-रे काढते. जास्त लिहिणार नाही, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहिते.

काही वर्षांपूर्वी पहाटे एक मुलगा आला, बावीस-तेवीसचा. “पाइप फुटला” एवढंच सांगत होता. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट टॉवेलात गुंडाळलेलं. सोबत त्याचा मित्र होता, तो एकटक फरशीकडे बघत होता. मी प्लेट काढली. हाडं दिसली, धातूचे दोन तुकडे पांढरे शुभ्र दिसले. बाकी स्वच्छ. पण तो जो काही पाइप होता त्याचा बराचसा भाग प्लास्टिकचा होता, आणि प्लास्टिक बहुतेक वेळा एक्स-रेत दिसत नाही. डॉक्टरांना हात उघडून बोटाने चाचपत तुकडे शोधावे लागले. टाके घालून घरी पाठवला. तीन आठवड्यांनी तळव्याला फोड आला म्हणून परत आला, आत अजून एक तुकडा होता, नखाच्या तुकड्याएवढा.

त्याच तुकड्यांतला एक डोळ्यात गेला असता तर? डोळ्यातलंही तसंच दिसत नाही. तुमच्या भाच्याला हे वाचून दाखवा. घाबरवायला म्हणून नव्हे. त्याच्या कागदांवर हे कुठे लिहिलेलं नसणार, म्हणून.

आरामखुर्ची

धोका आहे हे मान्य. पण जुने कारागीर कुठे लॅबमध्ये जात होते? भट्टीतल्या लोखंडाचा रंग बघून पाणी द्यायचे, आणि त्यांच्या बंदुका शंभर वर्षांनीही दिसतात. अनुभवी माणसाच्या डोळ्याला काहीच किंमत नाही का?

लाल पेन

मीच तो भाचा. मावशीने धागा दाखवला. आधी राग आला होता, आता नाही.

शून्य भागिले यांचा हिशेब मी स्वतः करून पाहिला, बरोबर आहे. तरी एक विचारतो. मी संगणकावर नळीचं सिम्युलेशन केलंय, म्हणजे दाब दिल्यावर काय होईल ते गणिताने पाहिलंय. मटेरियलची ताकद वेबसाइटवरच्या तक्त्यातून घेतली, कमाल दाब दिला, सुरक्षा गुणांक ३ आला. म्हणजे तिप्पट ताकद शिल्लक आहे. हे व्हाउचर म्हणून का चालत नाही?

भट्टीकाठ

दोघांना एकत्र उत्तर देतो, कारण उत्तर एकच आहे.

आरामखुर्ची, जुन्या बंदुका शंभर वर्षांनी दिसतात त्या न फुटलेल्या. फुटलेल्यांचं भंगार झालं. आणि अनुभवी डोळ्याचीच गोष्ट घ्या. अमेरिकेच्या सैन्याची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल. सरकारी कारखाना, डिझाइन उत्तम, घडाई करणारे वर्षानुवर्षांचे जाणते लोहार. पोलाद किती तापलं हे ते रंगावरून ठरवायचे. १९१७ मध्ये काही रायफलींचा काडतूस धरून ठेवणारा मुख्य भाग झाडताना काचेसारखा फुटू लागला. शोध घेतला तेव्हा कारण निघालं उजेडाचं! लख्ख ऊन पडलेल्या दिवशी लालभडक लोखंड डोळ्याला कमी तापलेलं दिसतं, ढगाळ दिवशी जास्त. त्यामुळे उन्हाच्या दिवशी लोहार नकळत जास्त तापवायचे, काही वेळा फॅरनहाइटमध्ये ३०० अंशांपर्यंत, आणि पोलाद जळून ठिसूळ व्हायचं. मग भट्ट्यांना तापमापक बसवले, पाणी द्यायची पद्धत बदलली. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात १९१८ च्या आसपासपर्यंत बनलेल्या, साधारण ८ लाखांपेक्षा कमी क्रमांकाच्या रायफली आजही जाणकार झाडत नाहीत, भिंतीवर ठेवतात. ड्रॉइंग आधी होतं तेच नंतर होतं. त्याची एक रेघही चुकलेली नव्हती.

लाल पेन, बाळा, तू राग गिळून इथे आलास याचं मला फार बरं वाटलं. आता तुझा गुणांक ३. तो तीन कशाचा? तक्त्यातल्या पोलादाचा. तुझ्या हातात जो तुकडा येईल तो तक्त्यातला आहे, हे कोण सांगणार? माझ्याही डोक्यात त्या बिनमार्किंगच्या सळईचा गुणांक चांगला भरपूर होता. तक्त्यातला आकडा चाचणीच्या दांडीला सावकाश ओढून काढलेला असतो. तुझा दाब क्षणात येतो आणि जातो. सिम्युलेशनमधल्या धातूत बुडबुडा नसतो, जुनी चीर नसते, लेथच्या हत्याराने आतल्या कोपऱ्यात सोडलेला ओरखडा नसतो. आणि फुटणारी वस्तू त्या ओरखड्यापासून सुरुवात करते. थ्री-डी प्रिंटरने छापलेलं प्लास्टिक असेल तर तक्ता आणखी दूर राहिला, कारण ते थरावर थर चढवत बनतं आणि थर एकमेकांना किती चिकटले ते प्रत्येक छपाईत वेगळं.

२०१३ मध्ये लिबरेटर नावाच्या, जवळपास पूर्ण छापलेल्या पिस्तुलाची फाइल नेटवर आली आणि दोन दिवसांत लाखभर लोकांनी उतरवून घेतली. एटीएफ या अमेरिकन सरकारी खात्याने ती छापून तपासली. फाइल तीच, प्लास्टिक दोन प्रकारचं. एक पिस्तूल आठ वेळा टिकलं. दुसरं पहिल्याच गोळीला फुटून तुकडे तुकडे झालं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स पोलिसांनी छापून पाहिली, त्यांच्याकडेही फुटलं. या डिझाइनला किती गुण देशील, सांग. दोन्ही निकाल त्याचेच आहेत.

आणि फाइल मुळात कोणाच्या हातून आली? २०१६ मध्ये काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी एका ड्रोनच्या पंख्याची फाइल चोरून बदलून दाखवली. पंख्याच्या पोटात बारीक पोकळ्या ठेवल्या. बाहेरून पंखा जसाच्या तसा. ड्रोन उडालं, थोड्या वेळाने पंखा तुटला आणि ते खाली आलं. पंखा तुटला तर ड्रोन पडतं. तू जे बनवायचं म्हणतोस ते तुझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतं.

‘इथे भिंत पुरेशी आहे का?’ हा तू कडेला लिहिलेला प्रश्न मला फार आवडला. तो खरा टेस्टिंगवाल्याचा प्रश्न आहे. पण त्या कागदावर त्याचं उत्तर नाही आणि मीही देणार नाही. ती वस्तू बनवू नकोस. प्रश्न मात्र सोडू नकोस. कॉलेजात ओढ-चाचणीचं यंत्र असेलच. छापायला प्रिंटर मिळाला तर एकाच फाइलच्या पाच सपाट पट्ट्या छाप, थर ओढीला आडवे येतील अशा. प्लास्टिकच्या तारेचं एकच रीळ, एकच दिवस. सर समोर असताना पाचही ओढून तोड आणि पाचही आकडे लिही. सरासरी काढू नकोस. सगळ्यात कमी आकडा बघ.

नुसती ओळ

कायद्याचा एक मुद्दा जोडते, कारण ‘मी बनवत नाही, नुसती फाइल आहे’ हे सगळीकडे चालत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये २०१५ पासून अशी फाइल परवान्याशिवाय जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. जपानमध्ये छापलेल्या पिस्तुलांबद्दल एका माणसाला २०१४ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. नेमबाजीची आवड असेल तर परवानाधारक क्लबात शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली, शिक्का असलेल्या बंदुकीने झाडायला मिळतं. तिथे जा.

वहीतली रेघ

सगळ्यांचे आभार. भट्टीकाठ, तुमचा दुसरा प्रतिसाद त्याने मला मोठ्याने वाचून दाखवला, स्प्रिंगफील्डच्या उन्हापाशी थांबला आणि दोन वेळा वाचला. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, हात मात्र टेबलावरून खाली घेतले.

फाइल आणि कागद, दोन्ही त्याने माझ्यासमोर नष्ट केले. मी सांगितलं नव्हतं.

लाल पेन

काका, पट्ट्या तोडल्या. सर पूर्ण वेळ हजर होते, त्यांनी यंत्रासमोर जाळीही लावायला लावली. एकच फाइल, एकच रीळ, पाठोपाठ छापलेल्या. किती ताणाला तुटल्या ते आकडे, मेगापास्कल या एककात: ३१, २९, ३०, १८, २८.

चौथी सगळ्यांसारखीच दिसत होती. मी छापून झाल्यावर पाचही पट्ट्या नखाने वाजवून पाहिल्या होत्या, आवाजही सारखा. १८ वर गेली तेव्हा कट् असा आवाजसुद्धा नीट आला नाही, नुसती सुटली. बाकीच्या तुटल्या तिथे पांढरट, ओढल्यासारख्या आहेत. चौथीची बाजू जवळजवळ गुळगुळीत आहे, मधोमध एक चकाकता पट्टा. तिथे थर चिकटलेच नव्हते का? फोटो काढतोय पण चकाकीने काही दिसत नाही.

भट्टीकाठ

हो, बहुतेक तिथे थर धरलाच नाही. छापताना मध्ये वाऱ्याची झुळूक, रिळाला ओल, काहीही असू शकतं, ते शोधायचंय आपल्याला. खोलीतला दिवा बंद कर. टॉर्च बाजूने, अगदी आडवी धर, तुकड्याच्या पातळीला, आणि कॅमेरा सरळ वरून. चकाकी जाईल आणि उंचसखल सावलीत दिसेल. तुटलेल्या बाजूला बोट लावू नकोस, आणि दोन अर्धे पुन्हा जुळवून बघायचा मोह आवर, खुणा घासून जातात. चौथीच्या शेजारी पहिली ठेव, एकाच फोटोत.